खंडित वीजपुरवठ्यापासून संगीत सर्व्हरचे संरक्षण

संगीत सर्व्हर म्हणजे घरातील ध्वनिमुद्रणांचा संग्रह एका संगणकावर साठवून तो घरातील स्पीकर, मोबाइल व अन्य उपकरणांना स्थानिक जाळ्यावरून पुरवणारी व्यवस्था होय. असा संगणक बहुधा दिवसरात्र चालू असतो आणि त्याला पडदा किंवा कळफलक जोडलेला नसतो. त्यामुळे वीज अचानक गेल्यास तो रीतसर बंद करण्यासाठी कोणी जवळ असेलच असे नाही. अशा प्रसंगी फाइल प्रणाली, संग्रहाची सूची, साठवण उपकरण आणि प्रत्यक्ष ध्वनिफाइल यांपैकी कशालाही इजा पोहोचू शकते. ही इजा टाळण्यासाठी अखंड वीजपुरवठ्याचे साधन, स्वयंचलित बंद होण्याची व्यवस्था, सुयोग्य फाइल प्रणाली आणि संग्रहाच्या स्वतंत्र प्रती यांचा एकत्रित वापर केला जातो.

पार्श्वभूमी

संगणकावरील संगीतसंग्रह घरभर ऐकवण्याची पद्धत एकविसाव्या शतकाच्या आरंभी रूढ होऊ लागली. स्लिम डिव्हायसेस या कंपनीचे 'स्क्वीझबॉक्स' हे उपकरण आणि त्यासोबतचा 'स्लिमसर्व्हर' हा प्रोग्रॅम ही त्याची प्रारंभीची उदाहरणे होत. ही कंपनी २००६ मध्ये लॉजिटेकने विकत घेतली. स्क्वीझबॉक्सचे उत्पादन २०१२ मध्ये थांबले, तरी सर्व्हरचा प्रोग्रॅम स्वयंसेवकांनी पुढे चालू ठेवला असून २०२४ पासून तो 'लिरियन म्युझिक सर्व्हर' या नावाने ओळखला जातो. 'म्युझिक प्लेयर डीमन', 'नॅव्हिड्रोम' आणि 'जेलीफिन' हे अन्य प्रचलित प्रोग्रॅम आहेत. २०१२ मध्ये विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय या अल्पमोली संगणकामुळे असा सर्व्हर घरी उभारणे पुष्कळ सोपे झाले.

संग्रहात केवळ बाजारात मिळणारे संगीत असेल, तर त्याची हानी पैसे खर्चून भरून काढता येते. परंतु अनेक घरांतील संग्रहात कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या खासगी मैफली, नाट्यसंगीताचे कार्यक्रम, कीर्तने किंवा घरातील वडीलधाऱ्यांच्या आवाजातील ओव्या असतात. ९० मिनिटांची कॅसेट संगणकावर उतरवण्यास ९० मिनिटेच लागतात, आणि मूळ फीत कालांतराने खराब होते. अशा ध्वनिमुद्रणांची अन्यत्र प्रत नसल्याने त्यांची हानी कायमची ठरते. त्यामुळे संरक्षणाचा विचार करताना पुन्हा मिळवता येण्याजोगी माहिती आणि पुन्हा न मिळणारी माहिती यांत भेद केला जातो.

वीजपुरवठ्यातील बिघाडांचे प्रकार

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असा प्रमाणित आहे. त्यात पुढील प्रकारचे बिघाड आढळतात.

पूर्वनियोजित खंड: वाहिन्यांची देखभाल किंवा भारनियमन यांसाठी वीज बंद ठेवली जाते. वेळ आधी जाहीर झाल्यास सर्व्हर रीतसर बंद करता येतो, म्हणून हा प्रकार तुलनेने निरुपद्रवी असतो.

अनपेक्षित खंड: झाड पडणे, रोहित्रातील बिघाड, वादळ अथवा ग्रिड कोलमडणे यांमुळे वीज जाते. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी भारतातील मोठ्या भूभागाची वीज ग्रिड कोलमडल्याने गेली होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशाचा वीजपुरवठा खंडित झाला होता. म्हणजेच, सहसा वीज न जाणाऱ्या शहरांतही हा धोका पूर्णपणे टळत नाही.

क्षणिक खंड: वीज एखादा सेकंद किंवा त्याहून कमी काळ जाते व लगेच परत येते. दिवे केवळ लुकलुकतात, पण संगणक बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. पावसाळ्याच्या आरंभी असे खंड लागोपाठ होतात. अशा वेळी सर्व्हर सुरू होण्याच्या प्रक्रियेत असतानाच पुन्हा बंद पडण्याचा संभव असतो.

दाबातील चढउतार: दाब फार कमी होणे, वीज परत येताना तो क्षणभर उसळणे किंवा आकाशातील विजेमुळे तारांमध्ये लाट येणे यांचा यात समावेश होतो. तीन फेजच्या वितरणात न्यूट्रल तार तुटल्यास काही घरांतील दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. यात माहितीपेक्षा उपकरणांनाच अधिक धोका असतो.

होणारे नुकसान

अर्धवट राहिलेले लेखन

प्रोग्रॅमने 'लिहा' असा आदेश दिला म्हणजे माहिती त्याच क्षणी डिस्कवर उमटते असे नाही. वेग वाढवण्यासाठी प्रचालन प्रणाली ती काही काळ मुख्य स्मृतीत धरून ठेवते. लिनक्समध्ये सामान्य मांडणीनुसार अशी माहिती सुमारे ३० सेकंदांपर्यंत स्मृतीतच राहू शकते. त्यानंतरही डिस्कच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत तिचा काही अंश उरतो. वीज गेल्यास या दोन्ही ठिकाणची माहिती नाहीशी होते. संगीत केवळ वाजत असेल, तर डिस्कवरून वाचन होत असते आणि धोका कमी असतो. गाण्यांची माहिती बदलणे, नवे संगीत उतरवणे, संग्रहाची नव्याने छाननी करणे अथवा प्रोग्रॅम अद्ययावत करणे चालू असेल, तर मात्र धोका अधिक असतो. या कामांत गुंतलेला नसतानाही सर्व्हर कार्यनोंदी व सूची लिहीत असतो.

फाइल प्रणाली

एखादी फाइल लिहिताना तिचा मजकूर, तिचा आकार, डिस्कवरील तिची जागा आणि फोल्डरमधील तिची नोंद अशा अनेक गोष्टी बदलाव्या लागतात. त्यांपैकी काहीच बदलल्या असता वीज गेली, तर फाइल प्रणालीत विसंगती निर्माण होते. हे टाळण्यासाठी ईएक्सटी४, एनटीएफएस यांसारख्या प्रणाली बदल करण्यापूर्वी त्याची नोंद एका रोजनिशीत करतात. वीज परत आल्यावर रोजनिशी पाहून अर्धवट बदल पूर्ण केले जातात किंवा रद्द केले जातात. ईएक्सटी४ सामान्य मांडणीत केवळ फाइलींविषयीची माहिती रोजनिशीत नोंदवते, फाइलींचा मजकूर नोंदवत नाही. त्यामुळे फाइल प्रणाली सुसंगत राहिली, तरी त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अपुरी राहू शकते.

झेडएफएस व बीटीआरएफएस या प्रणाली जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहीत नाहीत. नवा मजकूर अन्यत्र लिहून झाल्यावरच त्या निर्देश बदलतात, आणि प्रत्येक खंडाची तपासणी-बेरीज ठेवून बिघडलेला मजकूर ओळखतात. याउलट, बाह्य डिस्क व पेनड्राइव्हमध्ये आढळणाऱ्या फॅट३२ व एक्सफॅट या प्रणालींमध्ये अशी रोजनिशी नसते. संगीताची डिस्क या प्रकारची असल्यास अचानक वीज गेल्यावर संपूर्ण फोल्डर दिसेनासा होण्यासारखे प्रकार घडू शकतात.

संग्रहाची सूची

बहुतेक संगीत सर्व्हर गाण्यांची सूची डेटाबेसमध्ये ठेवतात. लिरियन, नॅव्हिड्रोम व जेलीफिन हे तिन्ही प्रोग्रॅम त्यासाठी एसक्यूलाइट वापरतात. एसक्यूलाइटमध्ये अर्धवट व्यवहार मागे घेण्याची सोय आहे. मात्र 'माहिती उमटली' अशी ग्वाही डिस्कने खरोखर उमटण्यापूर्वीच दिली, तर ही सोय निष्प्रभ ठरते. गाण्यांची सूची फाइलींची छाननी करून पुन्हा तयार करता येते. परंतु वादनसूची, आवडीच्या खुणा आणि कोणते गाणे किती वेळा ऐकले याच्या नोंदी ध्वनिफाइलींमध्ये नसतात. लिरियनमध्ये म्हणूनच अशा नोंदी स्वतंत्र डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात.

साठवण उपकरणे

फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कमध्ये वीज जाताच तबकड्यांच्या उरलेल्या गतीतून मिळणाऱ्या ऊर्जेवर वाचनशीर्ष सुरक्षित जागी नेले जाते. ही क्रिया नेहमीच्या क्रियेपेक्षा अधिक झटक्याने होते व तिची गणना डिस्कच्या स्मार्ट नोंदींमध्ये ठेवली जाते. ही संख्या सतत वाढत असेल, तर डिस्कला वारंवार अशा प्रसंगांना तोंड द्यावे लागत आहे असे समजते.

एसएसडीमध्ये कोणती माहिती कोणत्या कोषात आहे याचा नकाशा सतत बदलत असतो. हा नकाशा लिहिताना वीज गेल्यास त्या क्षणी न लिहिल्या जाणाऱ्या जुन्या माहितीलाही धोका पोहोचू शकतो. २०१३ मध्ये युझनिक्सच्या साठवण तंत्रज्ञानविषयक परिषदेत सादर झालेल्या एका अभ्यासात १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून चाचणी घेण्यात आली. त्यांपैकी १३ एसएसडींमध्ये कोणता ना कोणता दोष दिसून आला. व्यावसायिक वापरासाठीच्या काही एसएसडींमध्ये धारित्रे बसवलेली असतात, आणि त्यांतील ऊर्जेवर अखेरचे लेखन पूर्ण होते. रास्पबेरी पायमध्ये वापरल्या जाणाऱ्या मेमरी कार्डात सहसा अशी व्यवस्था नसते. त्यामुळे वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी कार्ड बिघडून सर्व्हर सुरूच न होणे ही नेहमीची तक्रार असते.

ध्वनिफाइली

गाण्याचे नाव, गायक, राग इत्यादी माहिती ध्वनिफाइलीतच, बहुधा तिच्या आरंभी, साठवलेली असते. तिच्यासाठी राखून ठेवलेली जागा अपुरी पडल्यास संपूर्ण फाइल नव्याने लिहावी लागते. म्हणून शेकडो फाइलींमधील नावे एकाच वेळी बदलण्याचे काम वीज जाण्याच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचे ठरते. सुरक्षित प्रोग्रॅम नवी फाइल वेगळ्या नावाने लिहितात आणि ती पूर्ण झाल्यावरच जुन्या फाइलीच्या जागी आणतात.

कॅसेट उतरवताना वीज गेली, तर वेव्ह प्रकारच्या फाइलीच्या आरंभी असलेली लांबीची नोंद अपुरी राहू शकते, कारण ती मुद्रण संपल्यावर भरली जाते. अशी फाइल रिकामी भासते. तथापि, तोवर डिस्कवर उमटलेला ध्वनी तिच्यात असतो व लांबीची नोंद दुरुस्त करून तो परत मिळवता येतो. फाइल रिकामी दिसते म्हणून ती पुसून टाकल्यास मात्र ही संधी जाते.

संरक्षणाची साधने

यूपीएस

वीज जाताच बॅटरीवरून पुरवठा चालू ठेवणाऱ्या यूपीएस या साधनाचे तीन मुख्य प्रकार आहेत. ऑफलाइन यूपीएस एरवी मुख्य वीजच पुढे पाठवते आणि ती गेल्यावर काही मिलिसेकंदांत बॅटरीकडे वळते. लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस दाबातील मध्यम चढउतार बॅटरी न वापरता सुधारते. ऑनलाइन यूपीएसमध्ये वीज सतत एकदिश व पुन्हा प्रत्यावर्ती केली जात असल्याने वळण्याचा कालावधी शून्य असतो. मात्र तिची किंमत, उष्णता व पंख्याचा आवाज अधिक असतो.

मेजावरील संगणकाच्या वीजपुरवठा एककात साठलेल्या ऊर्जेवर तो सुमारे १६ मिलिसेकंद तग धरू शकेल अशी एटीएक्स मानकाची अपेक्षा असते. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. म्हणजेच, जेमतेम एका आवर्तनाहून थोड्या कमी काळात यूपीएसने भार उचलणे आवश्यक असते. चांगल्या स्थितीतील ऑफलाइन व लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस हे काम करू शकतात. संगीत सर्व्हर ज्या खोलीत संगीत ऐकले जाते तेथेच असल्यास पंखा नसलेले यूपीएस सोयीचे ठरते.

घरगुती इन्व्हर्टर

महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात अनेक घरांत दिवे व पंखे यांसाठी इन्व्हर्टर बसवले गेले. त्यांची बॅटरी मोठी असल्याने ते कित्येक तास चालतात. परंतु त्यांचा वळण्याचा कालावधी संगणकाच्या दृष्टीने पुरेसा कमी असेलच असे नाही. पुष्कळ इन्व्हर्टरांवर 'यूपीएस' अशी वेगळी स्थिती निवडण्याचे बटण असते, आणि त्या स्थितीत हा कालावधी कमी होतो. चौरस तरंग देणारे इन्व्हर्टर ध्वनिवर्धकात गुणगुण निर्माण करू शकतात, म्हणून ज्यावक्रीय तरंग देणारे इन्व्हर्टर श्रेयस्कर मानले जातात. बॅटरी संपत आल्याची सूचना साधे इन्व्हर्टर संगणकाला देत नाहीत. त्यामुळे इन्व्हर्टरच्या पुढे एक लहान यूपीएस जोडण्याची पद्धत आढळते.

अल्पदाबाची साधने

राउटर व रास्पबेरी पाय यांसाठी ५ किंवा १२ व्होल्टची लहान यूपीएस मिळतात. त्यांत प्रत्यावर्ती वीज पुन्हा तयार करावी लागत नसल्याने ऊर्जेची बचत होते. मात्र साधनाची क्षमता पुरेशी असावी लागते. रास्पबेरी पाय ४ साठी ५ व्होल्ट व ३ अँपिअर इतका पुरवठा शिफारस केलेला आहे. मोबाइलसाठीच्या पॉवर बँका यूपीएस म्हणून वापरल्यास काही बँका मुख्य वीज जाता-येताना पुरवठा क्षणभर तोडतात, व ज्यासाठी त्या बसवल्या तोच हेतू साधत नाही.

बॅटरीचा हिशेब

घरगुती ६०० व्हीए यूपीएसमध्ये १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी आढळते. तिची नाममात्र ऊर्जा १२ × ७ = ८४ वॅट-तास होते. रूपांतरणातील तूट व बॅटरी पूर्णपणे न रिकामी करण्याची मर्यादा लक्षात घेता त्यांपैकी सुमारे ५० वॅट-तास वापरता येतात असे धरता येईल. लहान सर्व्हर, एक डिस्क व राउटर यांचा भार २५ वॅट आणि यूपीएसचा स्वतःचा वापर १० वॅट मानल्यास नवी बॅटरी सुमारे ८५ मिनिटे पुरेल. बॅटरीची क्षमता निम्मी झाल्यावर हाच कालावधी ४० मिनिटांच्या आसपास येतो. ध्वनिवर्धक यूपीएसवर जोडल्यास तो आणखी घटतो, म्हणून ध्वनिवर्धक सहसा बाहेर ठेवला जातो.

या बॅटरीचे आयुष्य साधारणपणे तीन ते पाच वर्षे असते. २५ अंश सेल्सिअसपेक्षा तापमान सतत सुमारे १० अंशांनी अधिक राहिल्यास ते निम्म्यावर येते असा ठोकताळा आहे. बंद कपाटात किंवा माळ्यावर ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी त्यामुळे लवकर निकामी होते.

स्वयंचलित बंद

यूपीएसमुळे वीज जाणे केवळ लांबणीवर पडते. बॅटरी संपेपर्यंत सर्व्हर चालूच राहिला, तर अखेरीस तोच अपघात घडतो. म्हणून यूपीएस व सर्व्हर यूएसबी तारेने जोडून बॅटरीची स्थिती सर्व्हरला कळवली जाते. 'नेटवर्क यूपीएस टूल्स' हा मुक्त प्रोग्रॅमसंच अनेक कंपन्यांच्या यूपीएसशी संवाद साधतो, तर 'एपीसीयूपीएसडी' हा प्रामुख्याने एपीसीच्या यूपीएससाठी आहे. यूपीएसला जोडलेला एक संगणक घरातील अन्य संगणकांनाही ही सूचना देऊ शकतो. त्यासाठी राउटरही यूपीएसवर असावा लागतो. या मुद्द्याकडे दुर्लक्ष झाल्यास सूचना निघते, पण पोहोचत नाही.

सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो. वीज गेल्यावर काही मिनिटे वाट पाहिली जाते. ती न आल्यास छाननी व वादन थांबवून डेटाबेस बंद केला जातो. त्यानंतर स्मृतीतील माहिती डिस्कवर उतरवून डिस्क विलग केल्या जातात व संगणक बंद होतो. शेवटी यूपीएस आपला पुरवठा तोडते. ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे. सर्व्हर बंद होत असतानाच मुख्य वीज परत आली, तर सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलेलीच नसते व तो बंदच राहतो. यूपीएसने पुरवठा तोडून पुन्हा दिल्यास, आणि संगणकाच्या बायोसमध्ये 'वीज आल्यावर सुरू व्हावे' अशी निवड केलेली असल्यास, तो आपोआप सुरू होतो.

लेखन कमी करणे

यूपीएस नसतानाही धोका कमी करण्याचा मार्ग म्हणजे लेखनच कमी करणे. 'पायकोरप्लेयर' ही प्रणाली सुरू होताना मुख्य स्मृतीत उतरते आणि मेमरी कार्डावर क्वचितच लिहिते. त्यामुळे तिच्यावर चालणारे वादक-संगणक थेट वीज तोडूनही सहसा बिघडत नाहीत. रास्पबेरी पायच्या अधिकृत प्रणालीतही कार्ड केवळ वाचनासाठी जोडून बदल स्मृतीत ठेवण्याची सोय आहे. संगीताची डिस्क एरवी केवळ वाचनासाठी जोडून नवे संगीत भरतानाच लेखनास खुली करणे हाही एक उपाय आहे.

लाटांपासून संरक्षण व अर्थिंग

स्पाइक गार्ड हे साधन दाबातील अल्पकालीन लाटा शोषून घेते. मात्र ते वीज जाण्यापासून संरक्षण देत नाही आणि न्यूट्रल तुटल्यामुळे दीर्घकाळ वाढलेल्या दाबापुढेही टिकत नाही. त्यातील घटक प्रत्येक लाटेगणिक झिजतात. योग्य अर्थिंग नसल्यास त्याची उपयुक्तता बरीच घटते. इंटरनेटच्या तांब्याच्या तारेवाटेही लाट आत येऊ शकते.

वीज परत आल्यानंतर

परतलेली वीज आरंभी अस्थिर असू शकते. शीतकपाटाच्या स्टॅबिलायझरप्रमाणेच सर्व्हरसाठीही काही मिनिटांचा विलंब ठेवणे हितावह असते. सर्व्हर अचानक बंद पडला असल्यास प्रथम फाइल प्रणालीची तपासणी केली जाते व त्यानंतर डेटाबेसची अखंडता पाहिली जाते. फ्लॅक प्रकारच्या फाइलींमध्ये मूळ ध्वनीची एमडी५ बेरीज साठवण्याची सोय असल्याने फ्लॅकच्या चाचणी आदेशाने प्रत्येक फाइलीतील ध्वनी अबाधित आहे की नाही हे ताडून पाहता येते. एमपी३ फाइलींमध्ये अशी संपूर्ण ध्वनीची बेरीज मानकाचा भाग नाही. रास्पबेरी पाय ५ च्या आधीच्या संगणकांमध्ये स्वतंत्र घड्याळ नसते. इंटरनेट उशिरा सुरू झाल्यास त्यांच्यावरील नोंदींची वेळ तोवर चुकीची राहते.

संग्रहाच्या प्रती

वरील कोणताही उपाय स्वतंत्र प्रतीला पर्याय ठरत नाही. रेड पद्धतीने दोन डिस्कवर एकच माहिती ठेवली, तरी वीज जाण्याने दोन्ही डिस्कवर एकाच वेळी परिणाम होऊ शकतो. शिवाय चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून नाहीशी होते. माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर, असा '३-२-१' या नावाने प्रसिद्ध असलेला नियम आहे. एक प्रत एरवी विजेपासून व संगणकापासून विलग ठेवलेल्या डिस्कवर असल्यास लाटेमुळे सर्व उपकरणे जळाली तरी ती शाबूत राहते. प्रत काढताना डेटाबेसची फाइल चालू स्थितीत उचलल्यास ती विसंगत असू शकते, म्हणून सर्व्हर थांबवून किंवा एसक्यूलाइटच्या स्वतःच्या सोयीने प्रत काढली जाते.

मर्यादा

यूपीएसची व्यवस्था प्रत्यक्ष तपासल्याशिवाय विश्वसनीय मानता येत नाही. बॅटरी झिजल्यावरही यूपीएसवरील दिवा हिरवाच राहू शकतो व दोष प्रत्यक्ष वीज गेल्यावरच उघड होतो. त्यामुळे ठरावीक काळाने संग्रहाची प्रत काढून घेऊन, लेखन चालू नसताना, यूपीएसचा मुख्य पुरवठा बंद करून संपूर्ण क्रम पार पडतो का हे पाहिले जाते. जुनी शिसे-आम्ल बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्राकडे परत देणे अपेक्षित असते.

हे सुद्धा पहा

अखंड वीजपुरवठा
भारनियमन
फाइल प्रणाली
रास्पबेरी पाय
फ्लॅक
शिसे-आम्ल बॅटरी